मागच्या चाकाचा चिखल थेट इंजिनाच्या नाकात

एका पावसाळ्यात माझ्या मोटारसायकलचे दोन एअर फिल्टर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा गाळणारे, गेले. जुलैत एक, आता गणपतीच्या तोंडावर दुसरा. आणि दोन्ही वेळा सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरून तेच ऐकून घ्यावं लागलं, "सर, तुम्ही गाडी पाण्यात घातली असणार." नाही घातली! रस्त्यावर पाणी चढलं त्या दिवशी गाडी घरी ठेवून मी एसटीने गेलो. मी चिपळूणहून कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी शाळेत जातो आणि परत येतो, रोजचे 40 किलोमीटर, त्यातला बराच रस्ता लाल चिखलाचा. एवढंच करतो. कोकणात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, मृगापासून हस्तापर्यंत रस्ते असेच असतात. हे गाडी बनवणाऱ्यांना माहीत नाही? मग इथे विकता कशाला?

माझ्या गाडीत फिल्टरचा डबा सीटखाली आहे आणि त्याचं हवा घ्यायचं तोंड मागे, चाकाच्या बाजूला. टायरच्या माथ्यावरून सुटलेला चिखल पुढच्या दिशेने उडतो, म्हणजे नेमका तिथेच. मध्ये आडवा यायला आतला मडगार्ड हवा. तो आहे, पण चार बोटं आधीच संपतो. का? तर गाडी मागून सडपातळ दिसावी, टायर उघडा दिसावा! त्या चार बोटं प्लास्टिकपायी मी दर पावसाळ्यात पैसे भरतोय. पुढचा मडगार्डही तसाच आखूड. इंजिनाच्या पुढ्यात चिखलाचं लिंपण, स्पार्क प्लगच्या टोपीपर्यंत.

आधी नुसते शिंतोडे असतात. मग ते तोंडाशी वाळून पापुद्रे धरतात, त्यावर पुन्हा ओलं. आतला फिल्टर तेल मुरवलेल्या कागदाचा. कागदाच्या घड्या चिखलाने बसल्या की हवा ओढायची कुठून? पेट्रोल तेवढंच आणि हवा कमी, त्यामुळे प्लग काळा पडतो, गाडी चढाला मिसिंग मारते, दुसऱ्या गिअरमध्येसुद्धा दम टाकते. माझं अ‍ॅव्हरेज 50 वरून 38 वर आलं. आणि हे परवडलं. खरी भीती उघडीप पडल्यावर. तोच चिखल वाळून पिठासारखा बारीक होतो, आणि डब्याच्या झाकणाचं रबर नीट बसलेलं नसेल तर ती धूळ न गाळता सरळ सिलिंडरमध्ये जाते. पिस्टनच्या रिंगा घासतात, बोअर म्हणजे सिलिंडरची आतली भिंत घासते, गाडी ऑइल प्यायला लागते. मग पाच आकडी खर्च.

पुराचं मी कुणाला बोलत नाही. 22 जुलै 2021 ला चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा गाड्या बुडाल्या, त्याला मडगार्ड काय करणार? पण तेव्हाच कळलं की सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारायचा नसतो. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढायचा, पाणी बाहेर काढायचं, ऑइल दुधाळ झालंय का, म्हणजे त्यात पाणी मिसळलंय का, बघायचं. लोकांनी बिचाऱ्यांनी आशेने बटणं दाबली आणि उरलीसुरली इंजिनं घालवली. गाडी विकताना हे कुणी सांगितलं होतं का त्यांना? शोरूममध्ये मोबाइल कसा जोडायचा हे पंधरा मिनिटं शिकवतात.

आणि सर्व्हिसिंग! गाडी आत गेली की पहिलं काय, तर प्रेशरचा पाइप सीटखाली, त्याच तोंडावर. जे पाणी चार महिन्यांत रस्त्याने भरलं नसतं ते दोन मिनिटांत भरतात. मग कागदी फिल्टरवर हवा मारतात. तेल मुरवलेल्या फिल्टरवर हवा मारायची नसते, तो बदलायचाच असतो, हे त्यांच्याच पुस्तकात लिहिलंय. तरी जॉब कार्डवर 'एअर फिल्टर क्लीन' आणि पुढे रक्कम. डब्याच्या बुडाशी बोटभर नळी असते, टोकाला बूच. आत साचलेलं पाणी सोडायची तेवढीच वाट. तीन सर्व्हिसिंग झाली, कुणी ते बूच काढलं नव्हतं. शेवटी आमच्या नाक्यावरच्या गॅरेजवाल्याने माझ्यासमोर काढलं. कपभर लाल पाणी पडलं. तो म्हणाला, "गुरुजी, ह्यात तर लावणी करता येईल." मला हसू आलं नाही. ते पाणी इंजिनापासून वीतभर अंतरावर होतं आणि मी रोज त्यावर बसून घाटाखाली जात होतो.

कसं करायचं असतं ते माहीत नाही असंही नाही. शेतात ट्रॅक्टर बघा. चिखलणीला दिवसभर चाकं चिखलात, पण हवेचं तोंड वर, बॉनेटवर, डोक्यावर टोपी. फिल्टरच्या आधी कचरा अडवायला वेगळं भांडं. साधी अक्कल आहे, पन्नास वर्षांपूर्वीच्या ट्रॅक्टरलाही होती. आणि कायदा म्हणाल तर 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्मं चाक झाकायला सांगितलंय, म्हणून साडी गार्ड येतो. तो सक्तीचा म्हणून लावता. इंजिनापुरतं चार बोटं प्लास्टिक स्वतःहून लावायला काय जातं?

त्याच गॅरेजवाल्याने ट्रकच्या मड फ्लॅपचा, म्हणजे चाकामागे लोंबणाऱ्या रबराचा, जाड तुकडा कापला, दोन बोल्टांनी आतल्या मडगार्डला जोडून तोंडाच्या खालपर्यंत आणला, झाकणाच्या कडेला ग्रीस फिरवलं. वीस मिनिटं, दीडशे रुपये. काही जण तोंडालाच फडकं किंवा पिशवी बांधतात, ते करू नका, इंजिन गुदमरतं आणि फडकं ओलं झालं की अजूनच. आडोसा करायचा, तोंड मोकळं ठेवायचं. पंधरा दिवस झाले, काल सीट काढून बघितलं, फिल्टर कोरडा.

आणि आज सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो, "बाहेरचं काम केलंय सर, हे काढा, नाहीतर वॉरंटी देता येणार नाही." माझा तोल गेला. म्हटलं, ह्या रबराने इंजिनाचं काय नुकसान होतं ते शिक्का मारून लिहून दे, इथेच उभा राहून काढतो. तो मॅनेजरला विचारायला आत गेला. अर्ध्या तासाने येऊन म्हणाला, "साहेब मीटिंगमध्ये आहेत." जॉब कार्डवर मी सही केलेली नाही. रबर जागेवर आहे. उद्या शाळा सुटली की पुन्हा जाणार, कागद घेतल्याशिवाय हलणार नाही.