कर्नेलवरचे गर्भसंस्कार

संगणक सुरू झाल्यावर काय करतो हे पाहण्याची साधने उदंड आहेत. तो सुरू होत असताना काय करतो हे पाहायचे म्हटले की मात्र पंचाईत होते, कारण त्या घटकेला फाइली उघडत नाहीत, लॉगिन करायला जागा नसते आणि आपला हुकूम ऐकणारे शेलही अजून जन्माला यायचे असते. त्यामुळे लिनक्स या प्रणालीच्या कर्नेलला, म्हणजे तिच्या गाभ्याला, जे काही सांगायचे ते कमांड लाइनवर, म्हणजे सुरू होतानाच त्याच्या हाती पडणाऱ्या सूचनांच्या ओळीत, आधीच सांगून ठेवावे लागते. हा सरळसरळ अभिमन्यूचा प्रकार आहे आणि अर्धेच ऐकले जाण्याचा धोका इथेही आहेच. घडामोडींची नोंद मागणारी ‘ट्रेस_इव्हेंट’ ही सूचना लिहिताना एखादे अक्षर इकडचे तिकडे झाले तर कर्नेल भांडत नाही. हे आपल्यासाठी नसावे अशा समजुतीने तो ते निमूट इनिटकडे, म्हणजे स्वतः सुरू केलेल्या पहिल्या प्रोग्रामकडे, पाठवून देतो आणि फार तर लॉगमध्ये एक ओळ पुटपुटतो.

आमच्या घरचा जुना डेस्कटॉप सुरू होताना मध्येच काही सेकंद काळ्या पडद्यावर समाधी लावत असे. वडिलांच्या मते तो ‘विचार करत’ होता. नेमका कसला विचार, हे शोधण्यासाठी मी कर्नेलच्या हालचाली टिपणारे एफट्रेस हाती घेतले. स्टीव्हन रोस्टेड यांचे हे साधन २००८ साली, २.६.२७ आवृत्तीपासून कर्नेलमध्ये आहे आणि ते अतिशय गुणी आहे, फक्त त्याच्या मागण्या लांबलचक असतात. आपल्या नेहमीच्या संगणकांवर कमांड लाइनची मर्यादा २०४८ अक्षरांची, म्हणून मासामी हिरामात्सू यांनी २०२० मध्ये, ५.६ आवृत्तीत, बूटकॉन्फिगची सोय आणली. सगळ्या सूचना महिरपी कंसांत नीट मांडून एका फाइलीत लिहायच्या आणि ती फाइल लांबी, चेकसम (मजकूर बिघडलेला नाही ना, हे ताडणारी बेरीज) व १२ बाइटांची खूणगाठ यांसह इनिटआरडीच्या, म्हणजे सुरुवातीला मेमरीत चढणाऱ्या तात्पुरत्या फाइलींच्या गाठोड्याच्या, शेपटाला चिकटवायची. मग कमांड लाइनवर ‘बूटकॉन्फिग’ हा शब्दही लिहायचा, नाहीतर कर्नेल त्या शेपटाकडे ढुंकूनही पाहत नाही. पुढे कर्नेल अद्ययावत झाला की इनिटआरडी नव्याने तयार होते आणि चिकटवलेले शेपूट कुणालाही न कळवता नाहीसे होते. शिवाय या फाइलीतल्या एफट्रेसच्या सूचना कोअर-इनिटकॉलचा टप्पा उरकल्यावरच अमलात येतात (इनिटकॉल म्हणजे कर्नेलचा एकेक भाग सुरू करण्याचे काम). त्याआधीचे पाहायचे असेल, तर पुन्हा कर्नेलच्या मूळ सूचनांकडेच वळावे लागते.

खरी थट्टा पुढे आहे. नोंदी ज्या रिंग बफरमध्ये साठतात, त्याला दर प्रोसेसरमागे साधारण १.४ एमबी जागा मिळते आणि ती भरली की सर्वांत जुन्या नोंदी पुसून नव्या लिहिल्या जातात. फंक्शन ट्रेसर लावला तर कर्नेलच्या जवळजवळ प्रत्येक फंक्शनची, म्हणजे कोडच्या लहानसहान तुकड्याचीही, नोंद होते, त्यामुळे ही जागा पापणी लवायच्या आत भरते. लॉगिन करून मोठ्या उत्सुकतेने ट्रेस उघडावा, तर त्यात सुरुवातीचे काहीच नाही; मी तो ट्रेस कसा उघडला, याचा मात्र साद्यंत वृत्तांत हजर! जन्मवेळ पाहण्यासाठी एवढा खटाटोप करावा आणि हाती पडावी ती आजची हजेरी.

अखेर बफर वाढवला, जुन्या नोंदी पुसू नयेत म्हणून ‘नोओव्हरराइट’ दिले आणि फंक्शनांचा हव्यास सोडून फक्त इनिटकॉलच्या घटना मागितल्या. मग ही सुरुवातीची कामे करणाऱ्या प्रक्रियेच्या ‘स्वॅपर/०-१’ या नावापुढे शांतपणे ओळी उमटल्या: हे सुरू, हे संपले, हे सुरू, हे संपले. एकाच ठिकाणी ‘सुरू’ आणि ‘संपले’ यांच्यात सेकंदांची दरी होती, आणि तिथे नाव होते ‘आय८०४२_इनिट’. म्हणजे पीएस/२ कीबोर्ड आणि माउस यांचा नियंत्रक. आयबीएमने १९८७ साली आणलेल्या त्या गोल, सहा पिनांच्या जोडणीवर माउस आहे का, हे आमचा संगणक रोज विचारत होता. उत्तरासाठी ड्रायव्हर दर वेळी ५० मायक्रोसेकंद थांबत दहा हजार वेळा पाहतो, म्हणजे एका न आलेल्या उत्तरामागे अर्धा सेकंद, आणि तो एकच प्रश्न विचारून थांबत नाही.

कमांड लाइनवर ‘आय८०४२.नोऑक्स’, म्हणजे त्या माउसची चौकशीच करू नकोस, असे लिहिले आणि समाधी संपली. त्याच आठवड्यात वडिलांनी माळ्यावरून हिरव्या पिनेचा जुना माउस काढला, पुसला, संगणकाच्या मागे बसवला आणि तो हलेना तेव्हा मला हाक मारून म्हणाले, “चांगला विचार करून चालू व्हायचा, तू त्याला घाई लावलीस.”