आमच्या भांडणात नॉर्वेला ओढू नका

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या इथेनॉलवरून भाऊबंदकी सुरू आहे. एका बाजूला नागपुरातले दोन भाचे. त्यांच्या गाड्यांचा ॲव्हरेज पडला. दुसऱ्या बाजूला वणीचे काकाजी. पेट्रोलमधल्या वीस टक्के इथेनॉलला नावं ठेवणारा त्यांच्या लेखी थेट अरब शेखांचा एजंट. आणि कुठलीही बाजू हरायला लागली की हुकमाचं पान म्हणून मला खाली टाकते. भाचे लिहितात, मामाच्या नॉर्वेत बघा, सरळ विजेवर गेले, गाड्यांना असला काढा पाजत नाहीत. काकाजी लिहितात, नॉर्वेनं तेलाले रामराम ठोकला, मंग आपण ठोकला त तुमच्या पोटात काऊन दुखते?

मी स्टावांगरला राहतो. नॉर्वेने तेलाला खरंच रामराम ठोकला असता तर माझ्या घराचा हप्ता भरला गेला नसता. २०२४ साली इथे विकल्या गेलेल्या शंभर नव्या गाड्यांपैकी जवळपास ८९ निव्वळ विजेवरच्या होत्या, हे खरं आहे. पण त्या वर्षीही उत्तर समुद्रातलं तेल आणि गॅस नेहमीसारखे बाहेरदेशी जातच होते, आणि त्यातल्या काही पाइपांना गंज किती चढला हे बघण्याचा पगार मी घेतो. १९६९ च्या डिसेंबरात एकोफिस्क हे समुद्रातलं तेलक्षेत्र सापडलं, तेव्हापासून हे शहर त्याच्यावरच पोसलंय. विजेच्या गाडीवरची २५ टक्के मोम्स, म्हणजे इथला व्हॅट, माफ करणं सरकारला झेपलं ते त्या पैशाच्या जोरावर. आमच्या गावच्या दारू दुकानाचा मालक माळकरी होता, एकादशी कधी मोडायचा नाही. नॉर्वेचं तसं आहे. त्यात मला काही वावगंही वाटत नाही, फक्त आरती ओवाळू नका एवढंच म्हणणं.

भाच्यांचं रडगाणं अगदीच खोटं नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांशाने कमी असते, त्यामुळे मिसळलं की ॲव्हरेज पडणारच. नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या चारचाकीला सहा-सात टक्के आणि दुचाकीला तीन-चार टक्के फटका बसेल असं लिहिलंय. लिटरमागे माल हलका झाला तर भावही थोडा उतरायला हवा होता. एवढी साधी मागणी लावून धरायची, तर दोन्हीकडचे लोक इंजिन जळालं की नाही यावरच एकमेकांचे व्हिडिओ टाकत बसलेत. शिवाय भाचे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जाणारे. आमच्या गावात पेट्रोल अजून किराणा दुकानात बाटलीतून मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. श्रावणात अर्धी रिकामी, बुचाला चिंधी लावलेली बाटली आठ दिवस फळीवर उभी राहिली की तिच्या तळाशी काय साचत असेल, हे गंजाचं काम करणाऱ्याला विचारा. ते पेट्रोल ज्या पंधरा वर्षं जुन्या मोटारसायकलीत जातं, तिच्या रबरी नळ्यांबद्दल दिल्लीत कुणी याचिका करत नाही.

पण माझं डोकं खरं फिरतं ते काकाजींच्या एका वाक्यावर. शेतकरी आता नुसता अन्नदाता नाही, ऊर्जादाता झाला, हे गडकरींचं वाक्य ते दिवसाआड टाकतात, वर हात जोडलेल्या बाहुल्या. अहो काकाजी, कोणता शेतकरी? तुमच्या स्वतःच्या वावरात सोयाबीन आहे!

देश ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो, तेव्हा आयात कमी व्हायला हवी यावर वाद कोण घालेल. पण डिसेंबर २०२३ मध्ये इथेनॉलसाठी उसाचा रस वापरण्यावर बंधन आलं आणि भट्ट्या मक्याकडे वळल्या. मक्यातला स्टार्च काढून घेतला की मागे जो चोथा उरतो, तो कोंबड्यांच्या खाद्यात जातो. बाजारात त्याला डीडीजीएस म्हणतात. त्याच खाद्यात आधी काय जायचं? सोयाबीनची ढेप. सोयाबीन गाळलं की तेल निघतं अठरा टक्क्यांच्या आसपास, बाकी बहुतेक ढेपच, आणि सोयाबीनचा भाव त्या ढेपीवर उभा असतो. स्वस्त चोथा आला, ढेपेचा उठाव गेला. एकट्या चोथ्यानेच भाव पाडला असं नाही, जगाचा बाजारही मंदीत होता. पण २०२४-२५ चा हमीभाव होता ४८९२ आणि वणीच्या यार्डात हातात पडले चार हजारांच्या आसपास, हे काकाजींनी स्वतः सोसलंय. निवडणुकीत सहा हजारांचं आश्वासन मिळालं होतं, तेही त्यांनीच फॉरवर्ड केलं होतं. म्हणजे गाडीत घालायच्या तेलाची आयात कमी करायला निघालो आणि फोडणीच्या तेलाचं पीक घेणाराच खाली बसला. खायच्या तेलातलं निम्म्याहून अधिक आपण आजही बाहेरूनच आणतो. ग्रुपवरच्या एवढ्या रणधुमाळीत यावर एक ओळ नाही.

(बाबांनी धुऱ्यावर लावलेला मोगली एरंडही कुणाला आठवत नाही. २००३ नंतर बायोडिझेलची लाट आली होती, बांधाबांधावर डिझेल पिकणार होतं. आता त्याचा उपयोग एवढाच की गुरं त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपण बरं होतं.)

नॉर्वेकडून काही उचलायचंच असेल तर गाड्या उचलू नका, इथली भांडणं उचला.

इथली वीज बहुतेक पाण्यावरची. २०२१ साली इथून विजेच्या दोन तारा समुद्राखालून गेल्या. एक जर्मनीला, एक ब्रिटनला. ब्रिटनची तार आमच्याच रोगालांडमधल्या क्विल्डालहून निघते, ७२० किलोमीटर लांब, १४०० मेगावॅटची. पुढच्याच वर्षी युरोपात गॅस भडकला आणि आमच्या एनओ-टू या वीजबाजाराच्या झोनमध्ये विजेचे भाव असे चढले, की हिवाळ्यात लोक आंघोळीला जिममध्ये जायला लागले. मग जो गदारोळ उठला तो बघण्यासारखा होता. दुग्नादला, म्हणजे शेजाऱ्यांच्या श्रमदानाला, पानं गोळा करता करता माझा शेजारी, एरवी हवामानापलीकडे शब्द न बोलणारा, लालबुंद होऊन मला सांगत होता की पाणी आमचं, डोंगर आमचा, बोगदे आमच्या आजोबांनी खणले, आणि भाव जर्मन ठरवणार? ठरावीक दराच्या वर जेवढं बिल जाईल त्याचा ९० टक्के भार सरकारला उचलावा लागला. जानेवारी २०२५ मध्ये युरोपच्या वीज नियमांवरून सेंटरपार्टी सत्तेतून बाहेर पडली. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून नोर्गेस्प्रिस आला, म्हणजे युनिटला ४० ओरे (क्रोनरचे पैसे) असा बांधलेला दर. एका तारेवरून एवढं रामायण.

शेजारी बोलत होता आणि मी मनात पडघ्याला पोचलो होतो. चंद्रपूरहून भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत एक तार जाते, हाय व्होल्टेज डीसी, १५०० मेगावॅटची, ७५२ किलोमीटर. १९९९ पासून चालू आहे. चंद्रपूरचं केंद्र २९२० मेगावॅटचं, कोळसा आमच्या पट्ट्यातला. घुग्घुस रस्त्याला लागून असलेल्या वावरात दिवाळीनंतर कापूस वेचायला गेलात तर बोटं काळी होतात. बोंडातून निघालेला कापूस पांढरा नसतो, राखाडी असतो, आणि व्यापारी तो हातात चुरून बघतो अन् भाव पाडतो. एवढी वर्षं झाली, पण पडघ्याच्या तारेवरून आमच्याकडे सरकार सोडा, सरपंचसुद्धा पडला नाही. पाणी आमचं म्हणून लालबुंद झालेला माणूस पाहिला की मला हेवा वाटतो. आमच्याकडे कोळसा आमचा असं कुणी म्हटलं, की लगेच विचारतात, मग काय वेगळा विदर्भ पाहिजे का? आणि गाडी लगेच १९६० वर जाते.

नॉर्वे तेल कंपन्यांच्या नफ्यावर ७८ टक्के कर घेतं. १९९६ पासून तेलाचा पैसा साठवायच्या सरकारी फंडात टाकतंय. आज तो वीस लाख कोटी क्रोनरच्या घरात आहे, माणशी तीस लाखांच्या वर. कोळशावर आपल्याकडे १४ टक्के रॉयल्टी, तीही राज्याच्या तिजोरीत. २०१५ नंतर जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं, त्यातून काही सभागृहं आणि रस्ते झाले. नफ्यावरचा कर आणि किमतीवरची रॉयल्टी एका तागडीत तोलता येत नाहीत, हे मला कळतं. तरी तोलतोय. काकाजींनी गाड्यांची तुलना केली तेव्हा त्यांना कुणी थांबवलं नव्हतं.

सगळं इथलं गोड आहे असंही नाही. फोसेनला रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांच्या चराईवर पवनचक्क्या उभारल्या, २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने परवाने बेकायदा ठरवले, चक्क्या फिरतच राहिल्या. हे मी ग्रुपवर टाकलं तर कुणी अंगठासुद्धा दिला नाही. नॉर्वेचं वाईट त्यांना चालत नाही. मग मला ओढायला काय उरेल?

आता सौरपंप. यावर मात्र शहरातल्या पर्यावरणवाल्यांनी आणि काकाजींनी, दोघांनीही जरा गप्प राहावं. आमच्या बाजूला शेतीच्या फीडरला थ्री फेज मिळायचा आठ तास, पाळीपाळीने, एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. रात्रपाळीला माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, हरभऱ्याला पाणी द्यायला जायचा तेव्हा एका हातात बॅटरी, दुसऱ्यात काठी, आणि मोबाईलवर जोरात भजन. भजन देवासाठी नाही. वाघाला कळावं, माणूस येतोय. पांढरकवड्याच्या वाघिणीची बातमी २०१८ मध्ये देशभर गाजली, पण आमच्याकडे बातमी नसतानाही वाघ असतोच. दादाने 'मागेल त्याला सौर पंप'मध्ये दहा टक्के भरून पाच एचपीचा पंप घेतला. पहिल्या महिन्यात त्याने मला फोटो पाठवला, पॅनेलच्या सावलीत दुपारी झोपलेला. खाली लिहिलं होतं, "आता वाघ रातपाळीले, मी दिवसपाळीले."

कार्बन वगैरे शब्द त्याच्या तोंडी नाहीत. पंप बिघडला तर कंपनीचा माणूस तीन-तीन आठवडे येत नाही, ढगाळ दिवशी धार बोटाएवढी होते, तरी तो पंप सोडणार नाही. ऊर्जेच्या राजकारणावर मी आजवर जे काही वाचलंय त्यात हे कारण कुठे दिसलं नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. एवढं लांब नाही, पण लिहिलं. भाच्यांनी वाचून सोडून दिलं. काकाजींनी एक झेंडा टाकला. दादाने तिसऱ्या दिवशी आवाजी मेसेज पाठवला, मागे ट्रॅक्टर चालू होता. "तू तेल इकून खातं अन् आमाले सांगून रायला का कोळसा आमचा. तुहा कोणता बे कोळसा?"

मला राग आला. मी एक उत्तर लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. तुझ्याएवढाच माझाही सातबारा आहे, असं काहीतरी. मग वाटलं, सातबारा आहे म्हणजे काय, वावर तर तोच वाहतो. बाबांच्या माघारी चार एकर मी त्याला मक्त्याने दिलंय आणि दर गुढीपाडव्याला पैसे घेतो. पैशाची गरज म्हणून नाही. घेतले नाहीत तर वावर आपलं राहणार नाही, अशी एक भीती आहे. हे मी बायकोलाही असं उघड सांगितलेलं नाही.

शेजारी तारेवरून पेटला होता तेव्हाही मी मान हलवण्यापलीकडे काही केलं नाही. 'आमचं पाणी' म्हणताना त्या आमच्यात मी बसतो का, हे विचारायला जीभ रेटली नाही. कम्यूनच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या निवडणुकीत मी मत देतो, बोमचे, म्हणजे टोलचे पैसे वाढवू नका म्हणून गेल्या खेपेला दिलंही. स्टॉर्टिंगच्या, म्हणजे संसदेच्या निवडणुकीला मला मत नाही. तिकडे वणीच्या यादीत नाव आहे, पण मतदानाला जाणं होत नाही. दोन्हीकडच्या विजेवर माझं मत मात्र ठाम आहे, आणि दोन्हीकडे ते कुणी मागितलेलं नाही. फंडाचे आकडे आले की ऑफिसात मी 'आपला फंड' म्हणतो. कुणी हसत नाही, पण दुरुस्तही करत नाही.

शेवटी दादाला काही न लिहिता फोनच केला. मेसेजचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. तो म्हणाला, सोयाबीनमध्ये दम उरला नाही, यंदा तुझ्या चार एकरांत मका टाकू का, सौरचं पाणी आहे, भट्टीवाले घेऊन रायले म्हणतात. मी म्हटलं, डीडीजीएसचं तुला सांगितलं ना? म्हणजे तू मका पेरणार आणि काकाजींचं सोयाबीन पाडणार.

"काकाजीले झेंडा टाकू दे," तो म्हणाला. "मक्याले डुकरं लागतात, ते सांग. कुंपणाच्या झटक्याच्या मशीनचे अर्धे पैसे तू देशील का मक्त्यातून कापू?"

कापून घे म्हटलं.