चक्राच्या नावाखाली भट्टी
आज शाम्पूच्या नव्या बाटलीवरचा मजकूर वाचला आणि संताप आला. समोर ठळक अक्षरांत ‘१०० टक्के पुनर्चक्रित प्लास्टिक’, आणि मागच्या बाजूला, भिंग घेऊनच वाचावे अशा आकारात, ‘मास बॅलन्स पद्धतीनुसार’. याचा अर्थ असा, की या बाटलीत जुन्या प्लास्टिकचा एकही रेणू नसला तरी चालते. खनिज नाफ्थाच्या, म्हणजे कच्च्या तेलापासून मिळणाऱ्या प्लास्टिकच्या कच्च्या मालाच्या, प्रचंड प्रवाहात कचऱ्यापासून काढलेले थोडेसे तेल मिसळायचे आणि त्याचे श्रेय कागदोपत्री हव्या त्या मालाच्या खात्यावर चढवायचे, अशी ही पद्धत आहे. दहा तांबे पाण्यात एक तांब्या दूध ओतावे आणि त्यातलाच एक तांब्या काढून तो शुद्ध दूध म्हणून विकावा, तसे हे झाले.

काही वर्षांपूर्वी मी पायरोलिसिसचा, म्हणजे प्लास्टिक तापवून असे तेल काढणारा, एक कारखाना पाहायला गेले होते. प्लास्टिक प्राणवायूविना साधारण ४०० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले, की त्यातल्या रेणूंच्या लांब साखळ्या (पॉलिमर) तुटतात आणि तेल, वायू व काळी भुकटी हाती लागते. त्यातला वायू बहुधा भट्टी तापवण्यातच खर्ची पडतो. तिथल्या तरुण अभियंत्याने मला बरणीतले तेल दाखवले. ते गडद तपकिरी होते, तळाशी मेणाचा थर साचलेला होता आणि झाकण उघडताच डोळ्यांत पाणी येईल असा उग्र दर्प होता. यापासून पुन्हा प्लास्टिक कुठे बनते, असे मी विचारले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, हे बॉयलरला जाते.”

जमिनीतून तेल काढले, त्याचे प्लास्टिक केले, त्या प्लास्टिकचे पुन्हा तेल केले आणि शेवटी ते जाळले, तर यात चक्र कुठे आहे? ही तर सरळ रेषा आहे, फक्त धुराड्यापर्यंत एक वळण जास्त घेणारी.

तुमच्या घरी ओला-सुका कचरा वेगळा होतो, हे मी गृहीतच धरते. तरीही २०१५ पर्यंत जगात निर्माण झालेल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी सुमारे ९ टक्केच पुनर्चक्रित झाला होता. उरलेल्यासाठी पायरोलिसिससारखे रासायनिक पुनर्चक्रणाचे तंत्रज्ञान आले आहे, ते मळके, मिसळलेले, बहुस्तरीय असे काहीही पचवते, असे आपल्याला सांगितले जाते. मग त्याच कारखान्याच्या फाटकाशी मी पाहिले ते काय होते? चकचकीत पाकिटांचे गठ्ठे बाहेर पडून होते आणि आत जात होते ते निवडलेले, बऱ्यापैकी स्वच्छ पॉलिथिन. कारण साधे आहे. पीव्हीसी (नळांचे प्लास्टिक) तापले की हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते आणि यंत्रे गंजतात, तर पीईटीमुळे (पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकमुळे) तेलात प्राणवायूची संयुगे येतात. म्हणजे ज्या कचऱ्यासाठी हा सारा खटाटोप, तोच दाराबाहेर.

सगळेच रासायनिक पुनर्चक्रण असे नसते, हे मान्य करायला हवे. पीईटीचे मिथेनॉल किंवा ग्लायकॉलच्या साहाय्याने मूळ घटकांत विघटन होते, नायलॉन-६ पासून पुन्हा कॅप्रोलॅक्टम हा त्याचा मूळ घटक मिळतो आणि रंगीत पॉलिस्टरसारख्या, वितळवून फारसे काही साधत नाही अशा मालासाठी हा मार्ग खरोखर मोलाचा आहे. २०२० मध्ये संशोधकांनी एका सुधारित विकराने (एन्झाइमने) १० तासांत ९० टक्के पीईटीचे विघटन करून दाखवले, तेव्हा मलाही मनापासून आनंद झाला होता. मात्र तिथेही एकाच जातीचा, निवडलेला मालच लागतो.

त्या अभियंत्यावर माझा राग नाही. तेलाचा पहिला थेंब कोणत्या तापमानाला पडतो, हे तो डोळ्यांत चमक आणून सांगत होता. “माल एकसारखा मिळाला तर तेल सुधारता येईल,” तो म्हणाला, “पण पाकिटांचे थर सारखे बदलतात.” दुसऱ्यांनी करून ठेवलेला गुंता तो प्रामाणिकपणे सोडवत होता.

राग आहे तो गुंता करणाऱ्यांवर. बोटभर शाम्पूसाठी ॲल्युमिनियम आणि दोन-तीन प्लास्टिकचे थर चिकटवायचे, आणि मग हे सगळे रसायनशास्त्र निस्तरेल, अशा जाहिराती करायच्या! सप्टेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलनी एक्सॉनमोबिलवर खटला भरला. कंपनी रासायनिक पुनर्चक्रणाला ‘प्रगत पुनर्चक्रण’ म्हणते; त्यात जाणाऱ्या कचऱ्यापैकी ९२ टक्के पुन्हा प्लास्टिक होतच नाही, त्याचे मुख्यतः इंधन होते, असा त्यात आरोप आहे. कंपनीला तो मान्य नाही आणि निकाल न्यायालय देईल. मला मात्र बरणीतले ते तेल आठवले.

हिशेबाचा नियम एकच ठेवावा: जे इंधन म्हणून जळाले ते पुनर्चक्रणात शून्य धरावे, मास बॅलन्सच्या खात्यातही. मग यांतले किती कारखाने टिकतात ते पाहू. जे टिकतील त्यांना सरकारी अनुदान मिळाले तर माझी अजिबात हरकत नाही.