त्या संगीताला नाव आहे: सुसुमू हिरासावा

सकाळी सकाळी एक रील समोर आली आणि डोकं फिरलं. 'पापरिका' या जपानी ॲनिमेशन चित्रपटातली ती मिरवणूक: चालता फ्रिज, वाद्यं वाजवणारे बेडूक, बाहुल्या, आणि मागे ते उसळणारं गाणं. वर ठळक अक्षरात लिहिलंय, 'एआयने बनवलेलं विचित्र जपानी सर्कस म्युझिक'. खाली हसणाऱ्यांची रांग. संगीतकाराचं नाव कुठेही नाही.

अहो, चित्रपट 2006 चा आहे! कुठलं एआय? ते गाणं जपानी संगीतकार सुसुमू हिरासावाचं आहे आणि त्यातला आवाजही त्याचा स्वतःचाच. तो आवाज खालच्या सुरातून एकदम वर उडी मारतो तेव्हा गळा कसा पलटतो, ते कान देऊन ऐका. असं गायला वर्षं जातात.

हो, त्या चित्रपटाच्या संगीतात यंत्राचा आवाज आहे, नाकारत नाही. 'लोला' नावाचा व्होकलॉइड, म्हणजे गाणारं सॉफ्टवेअर, 2004 मध्ये बाजारात आलेला, पहिल्या पिढीतला. पण तो चालतो कसा ते तरी समजून घ्या. एका गायिकेच्या आवाजाचे बारीक तुकडे आधीच रेकॉर्ड केलेले असतात. तुम्ही पडद्यावर एकेक सूर मांडायचा, त्याखाली उच्चार लिहायचा, मग सुराची लांबी, जोर, कंप, सगळं हाताने ठरवायचं. कंप सगळीकडे सारखा ठेवला तर लांब सूर दारावरच्या बझरसारखा वाजतो. त्यात लोला इंग्रजी उच्चारांची. तिचा 'ओ' शेवटाला 'ओउ'कडे घसरतो, जपानी 'रा' तिच्याकडे नाहीच. म्हणजे जवळचा उच्चार शोधा, तो तोडा, पुन्हा जोडा. सगळ्यांना माहीत असलेला व्होकलॉइड आवाज, हात्सुने मिकू, यायला अजून वर्ष होतं, ती 2007 ची. बटण दाबलं आणि गाणं आलं, असला प्रकार नव्हता तो.

आणि हिरासावा काही त्या चित्रपटासाठी आकाशातून पडला नाही. जन्म 1954, टोकियो. 1973 मध्ये 'मँड्रेक' हा प्रोग्रेसिव्ह रॉक बँड. 1979 मध्ये 'पी-मॉडेल', म्हणजे गिटार, सिंथेसायझर आणि पंकचा वेग. हा बँड 1988 मध्ये थांबवला तेव्हा 'बंद केला' असं न म्हणता 'गोठवला' म्हणाले, आणि 1991 मध्ये 'वितळवून' परत आणला. 2000 मध्ये तो कायमचा मिटला. मधल्या काळात, 1989 पासून, एकट्याचे अल्बम सुरूच. बँडचं काम तो 2004 पासून 'काकु पी-मॉडेल' नावाने एकटा करतोय. आणि आपण रीलवर काय लिहिणार? सर्कस!

आता त्याच्या यंत्राबद्दल. नव्वदच्या दशकात त्याचं बरंच काम कमोडोर कंपनीच्या 'अमिगा' या घरगुती संगणकावर चालायचं. या यंत्रात मिडीची, म्हणजे वाद्यांना सुरांचे हुकूम पाठवणाऱ्या तारेची, जागा मुळात नव्हती, सिरियल पोर्टला वेगळा इंटरफेस जोडावा लागे. स्वतःचा आवाज चारच चॅनेलचा, आठ बिटचा. त्यामुळे अमिगाकडून फक्त सूर आणि वेळेचे हुकूम सोडायचे, वाजायचं बाहेरच्या सिंथने. एकाच वेळी फार नोटा पाठवल्या की मिडीच्या तारेत गर्दी होते आणि ठोके मागे पडतात, म्हणून ड्रमच्या नोटा आधी आणि बाकीच्या किंचित सरकवून ठेवतात. कमोडोर कंपनी 1994 मध्ये बुडाली, तरी याने ते यंत्र पुढे बरीच वर्षं सोडलं नाही. कॉन्सर्टमधली चित्रंसुद्धा त्यावर. 1994 पासूनच्या त्याच्या 'इंटरॅक्टिव्ह लाइव्ह' कार्यक्रमांमध्ये गोष्ट कुठे वळणार हे प्रेक्षक ठरवतात. म्हणजे प्रत्येक फाट्याचं संगीत आधीच तयार हवं, आणि त्यातलं काही त्या रात्री वाजणारच नाही हे माहीत असून तयार हवं. 2001 मध्ये सौर ऊर्जेवर जुनी गाणी नव्याने घडवून 'सोलर रे' काढला. बॅटरीत जेवढी वीज, तेवढंच काम. अशा माणसाच्या मेहनतीवर 'एआय' लिहिताना हात कसा धजावला?

त्याच्या अल्बममध्ये वाद्यवृंदाचे तेच ते तयार आवाज पुन्हा भेटतात, हेही मान्य. पुढे.

पण 'पापरिका'चा दिग्दर्शक सातोशी कोन आठवला की राग उतरतो. कोन आधी त्याचा चाहता होता, मग सहकारी झाला. 'मिलेनियम ॲक्ट्रेस' हा चित्रपट, 2004 ची 'पॅरानॉइया एजंट' ही मालिका, मग 'पापरिका'. 'पॅरानॉइया एजंट'चं सुरुवातीचं गाणं पुन्हा बघा. पात्रं पुरात, ढिगाऱ्यात, उंच इमारतीच्या कडेवर उभी आहेत आणि पोट धरून हसतायत. मागे अणुस्फोटाचा ढग. आणि गाणं कसं, तर विजयाचं! भीतीचं संगीत लावलं असतं तर तो प्रसंग तिथेच मेला असता. चित्र आणि गाणं एकमेकांच्या उलट ओढतात म्हणून अंगावर येतं. कोन 2010 मध्ये गेला, अवघा 46 वर्षांचा. त्याचा 'ड्रीमिंग मशीन' हा चित्रपट अर्धवट राहिला. हे लिहितानाही घशाशी येतं.

ज्यांना खरंच ऐकायचंय त्यांच्यासाठी. फोनच्या स्पीकरवर नको, खालचे ड्रम गायब होतात आणि उरतो नुसता वरचा किलबिलाट, मग सर्कसच वाटणार. हेडफोन लावा. आधी 1997 च्या 'बर्सर्क' मालिकेतलं 'फोर्सेस'. मग 'सिम सिटी' हा 1995 चा अल्बम, थायलंडच्या प्रवासांतून आलेला, त्याच्या गायकीतला मोकळेपणा इथे उमलतो. मग पी-मॉडेलचा 1979 चा पहिला अल्बम, 'इन अ मॉडेल रूम'. चिडका, तुटक, तीन-चार मिनिटांत संपणारी गाणी. बरेच जण इथून सुरुवात करतात आणि पळतात, म्हणून तिसरा. आणि शेवटी 'पापरिका', अख्खा, श्रेयनामावलीचं गाणं संपेपर्यंत. उठायचं नाही.

त्या रीलखाली आत्ताच नाव लिहून आलोय. तुमच्यापैकी कुणाला ती दिसली तर तुम्हीही लिहा: संगीत, सुसुमू हिरासावा.