'मुद्दाम सांडलंस ना!'

मे महिन्यातल्या एका दुपारी, पारा ४२च्या पुढे असताना, आमच्या गल्लीत पाचव्या दिवशी नळाला पाणी आले. रात्रपाळी करून आलेले आमचे एक शेजारी भरलेली घागर उचलत होते, तेवढ्यात त्यांच्या सात वर्षांच्या मुलाचा पाय लागून ती कलंडली आणि 'मुद्दाम सांडलंस ना!' असे ओरडत त्यांनी त्याच्या पाठीत जोराचा धपाटा घातला. 'स्वभावच तापट', असा निकाल बायाबापड्यांनी तिथेच दिला.

मला तो निकाल पटत नाही. आदल्या रात्री वीज गेल्याने यंत्रमाग बंद होते आणि मजुरी बुडाली होती, हे मला ठाऊक होते. इच्छेच्या आड काही आले की माणूस आक्रमक होतो, असा सिद्धान्त अमेरिकेतल्या येल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जॉन डोलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ साली मांडला. ज्याच्यामुळे राग आला त्याला हात लावता येत नसेल तर तो दुबळ्यावर निघतो, हेही त्यात होते. आपण त्याला वड्याचे तेल वांग्यावर म्हणतो. पुढे मानसशास्त्रज्ञ लिओनार्ड बर्कोविट्झ यांनी उकाडा, वेदना अशा कोणत्याही त्रासाने आक्रमक वृत्ती चाळवते, असे दाखवून दिले.

पण उकाडा आणि पाणीटंचाई तर साऱ्या गल्लीलाच होती. मग हात एकाचाच का उठला? मला वाटते, सगळी गोम त्या 'मुद्दाम' शब्दात आहे. मानसशास्त्रज्ञ केनेथ डॉज यांनी १९८० साली शाळकरी मुलांचा अभ्यास केला, तेव्हा समोरच्याचा हेतू स्पष्ट नसताना आक्रमक मुले तो वाईटच आहे असे धरून चालतात, असे आढळले. घागर तर चुकून सांडली होती. हात उठला तो मनाने लावलेल्या अर्थामुळे. हे स्पष्टीकरण आहे, माफी नव्हे, कारण मार शेवटी त्या पोरालाच बसला.

'राग काढला की मन मोकळे होते', ही समजूतही मला घातक वाटते. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२च्या प्रयोगात, चिडवणाऱ्याची आठवण काढत पंचिंग बॅगवर ठोसे मारणारे अधिकच संतापले. नुसते शांत बसलेले सर्वांत कमी आक्रमक ठरले.

त्याच संध्याकाळी ओट्यावर त्या मुलाच्या धाकट्या बहिणीच्या हातून त्याची पाटी पडली. 'मुद्दाम पाडलीस ना!' तो ओरडला. शब्द बापाचे, आणि हातही तसाच वर गेलेला.