न्यूट्रल-अर्थ जोडा म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डबद्दल

‘घरची लाईट स्वतः दुरुस्त करा, वायरमनचे पैसे वाचवा’ असा एक मेसेज कोल्हापुरातल्या निम्म्या ग्रुपवर फिरतोय. सहा मुद्दे, खाली ‘जनहितार्थ’. मी बघून सोडून दिला होता, पण तो मंगळवार पेठेतल्या आमच्या आत्तीपर्यंत पोचला आणि तिनं त्यातला एक उपाय शेजारच्या पोराकडनं करून पण घेतला. म्हणून आता डोकं फिरलंय.

आधी तोच उपाय. मेसेज म्हणतो, वॉशिंग मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील आणि घराला अर्थिंग नसेल तर सॉकेटमधे न्यूट्रल (करंट परत जायची तार) आणि अर्थ (गळका करंट जमिनीत नेणारी तार) एका तारेनं जोडा, शॉक कायमचा बंद.

आत्तीचं घर जुनं, लाकडी पट्टीवरचं दोन तारांचं वायरिंग, अर्थची तार कधी आलीच नाही. सॉकेट उघडला तर न्यूट्रलच्या स्क्रूपासनं वरच्या जाड, म्हणजे अर्थच्या भोकाच्या स्क्रूपर्यंत बोटभर काळी वायर घातलेली. आणि झिणझिण्या खरंच बंद झालेल्या! एवढं मान्य करायलाच लागतं, आणि म्हणूनच हा जुगाड एवढा पसरतो. न्यूट्रल धड आहे तोवर मशीनची बॉडी त्याला बांधलेली राहते, तिथं व्होल्टेज जवळजवळ शून्य, हाताला काही लागत नाही.

पण न्यूट्रल तुटला की? मीटरपाशी स्क्रू ढिला झाला, खांबावरचा जोड गंजला, पावसाळ्यात ह्यात नवल काय. घरात फ्रिज, पंखा काहीतरी चालू असतंच, फेज (करंट आणणारी जिवंत तार) त्यातनं फिरून न्यूट्रलच्या तारेवर येतो आणि पुढं वाट नाही म्हणून तिथंच उभा राहतो. त्या तारेला तुम्ही मशीनची बॉडी बांधलीय. म्हणजे पत्र्यावर २३० च्या आसपास व्होल्टेज, आणि पंखा फिरत नाही, दिवा पेटत नाही म्हणून घरातला माणूस म्हणणार लाईट गेली, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहून बिनधास्त मशीनमधले कपडे काढणार. एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारा खटका) पडणार नाही, माणसाला मारायला लागतो तेवढा करंट त्याच्या खिजगणतीत पण नसतो. आणि सॉकेटला फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असतील तर न्यूट्रल तुटायची वाटसुद्धा बघायला नको.

त्यात आत्तीच्या मेन बोर्डावर फेजला एक आणि न्यूट्रलला एक असे दोन किटकॅट (चिनी मातीचे, तार घालायचे) फ्यूज. जुन्या घरांतनं हे अजून सर्रास दिसतं. भारतीय विद्युत नियम १९५६, त्यातला नियम ३२ काढून बघा, अर्थ केलेल्या न्यूट्रलमधे एकटा फ्यूज किंवा एकटा खटका टाकायचा नाही, टाकलाच तर फेजबरोबर एकदम तुटणारा पाहिजे. पुढं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांत पण तेच आलं. भीती हीच की न्यूट्रल एकटा तुटू नये. इथं तो एका फ्यूजवर लटकलाय आणि त्यालाच मशीन बांधलंय. ती वायर मी त्याच दिवशी काढली. आता परसात अर्थिंगचा खड्डा, तिसरी तार आणि आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा खटका), हे होईपर्यंत मशीन बंद. आत्ती चिडलीय, चिडू दे.

दुसरा मुद्दा, पावसात आरसीसीबी सारखा पडतो, तो ‘कंपन्यांचा धंदा’ आहे, बायपास करा. अरे, तो जाणारा आणि परत येणारा करंट मोजतो, मधे ३० मिलीअँपिअरच्या आसपास गळती दिसली की पडतो, तेच त्याचं काम! भिंतीला ओल आली, गच्चीवरच्या बोर्डात पाणी गेलं, ते सांगतोय तो. सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी चढवा, मग एकेक एमसीबी चढवत जा, ज्याला पडेल त्या लाईनीत भानगड. सगळे खाली असून पण पडत असेल तर न्यूट्रललाच ओल लागलेली असू शकते, मग लायसनवाला वायरमन बोलवा.

तिसरा, एमसीबी पडत असेल तर १६ चा काढून ३२ चा घाला. एमसीबी वायरीच्या संरक्षणाला असतो. २००० वॅटचा गिझर जवळपास ९ अँपिअर घेतो, शेगडी तेवढीच, वर इस्त्री, झाले २० च्या पुढं. १६ चा पडणारच. ३२ चा घातला तर ३६ अँपिअरला सुद्धा तासभर न पडता बसेल, त्याचं स्टँडर्डच तसं आहे, आणि तोवर पट्टीतली दीड एमएमची वायर भाजत राहील. गिझरला वेगळी ४ एमएमची लाईन ओढा, विषय संपला.

एलईडी बंद केल्यावर पण मंद पेटत राहतो म्हणजे शेजारी तुमची लाईट चोरतोय, हा चौथा. असल्या मेसेजनं बोळात भांडणं लागायची. खटक्यात बारका इंडिकेटर असला किंवा दोन वायरी लांबपर्यंत चिकटून गेल्या तरी एवढा करंट झिरपतो. अर्धा वॅट धरा, महिनाभर अखंड पेटला तरी ०.३६ युनिट. कधी कधी मात्र खटका फेजऐवजी न्यूट्रलवर घातलेला असतो, तेवढ्यापुरती वायरिंगबद्दलची शंका रास्त आहे, कारण तेव्हा खटका बंद असून पण होल्डरमधे फेज असतो. बल्ब बदलताना मेन बंद करा.

पाचवा, लाईट कमी-जास्त होते तर स्टॅबिलायझर. एकच दिवा लुकलुकत असेल तर होल्डर नाहीतर खटका बघा. पण तीन फेजच्या घरात काही दिवे एकदम भडक आणि काही मंद झाले तर न्यूट्रल सुटलाय, मेन पाडा आणि वीज कंपनीच्या १९१२ ला फोन लावा, स्टॅबिलायझरचं दुकान शोधत बसू नका.

आणि सहावा, बोर्डात मुंग्या झाल्या तर आत रॉकेल मारा. खटका टाकताना आत ठिणगी पडते हे लिहिणाऱ्याला माहीत नसावं, नाहीतर त्याच्या घरात अजून कंदीलच असेल. मेन बंद करून कव्हर काढा आणि कोरड्या ब्रशनं झाडा.