स्नूकरवाल्यांनी मान मागे ताणू नये
"मान दुखली की ती मागे नेऊन ताणा" हा मानदुखीवरच्या एका लेखातला सल्ला स्नूकर खेळणाऱ्यांना उलटा पडायचा. नेम धरताना हनुवटी क्यूवर (खेळायच्या काठीवर) आणि नजर टेबलाच्या लांबच्या पॉकेटवर (चेंडू पाडायच्या भोकावर), म्हणजे मानेचा वरचा भाग तासन् तास मागेच वळलेला. परत तीच दिशा कशाला? कमी पडते ती मानेच्या पुढच्या, खोलवरच्या स्नायूंची ताकद. उताणं झोपा, मानेखाली टॉवेलची छोटी घडी ठेवा, आणि "हो" म्हणताना हलते तेवढीच हनुवटी गळ्याकडे आणा. १० सेकंद धरायचं, असं १० वेळा. डोकं उचलायचं नाही. गळ्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू दोरीसारखे वर आले तर जोर जास्त लागतोय. बहुतेकांचं इथेच चुकतं.

पाठीचा वरचा भाग तर लेखात आलाच नाही. तो आखडलेला असला की सगळा ताण मानेवर. गुंडाळलेला टॉवेल खांद्याच्या पात्यांखाली आडवा घालून २ मिनिटं पडून राहा. आणि टेबल जेमतेम ८६ सेंटिमीटर उंच असतं, तेव्हा उंच खेळाडूंनी पाठ न वाकवता खुब्यातून वाकावं, पाय जरा जास्त फाकवावेत. हाताला मुंग्या येत असतील किंवा पकड सैल पडत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा, व्यायाम नंतर.